चरित्रातली क्रियापदे : हाफकिन यांच्या आयुष्यातून इंग्रजीकडे

मोरणा नदीच्या काठी वसलेले शिराळा, ज्याला आसपासच्या मुलखात आजही बत्तीस शिराळा म्हणूनच ओळखतात, ते सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाले नागपंचमीमुळे. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाला जिवंत केले ही तिथली कथा, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नागपूजेचा प्रघात यांच्यामुळे या गावाला सापाविषयी जे ममत्व वाटते, ते कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाने दिलेले आदेश यांच्यामुळे जिवंत नाग धरून मिरवण्याच्या प्रथेला पायबंद बसला, तरी नागाविषयीची जिज्ञासा काही कमी झालेली नाही. अशा गावच्या विद्यार्थ्याला वर्गात उभे करून ‘एका थोर शास्त्रज्ञाविषयी इंग्रजीत दहा वाक्ये बोल’ असे सांगितले, तर तो बहुधा न्यूटनचे सफरचंद किंवा एडिसनचा दिवा यांच्याकडे धाव घेतो. वस्तुतः त्याच्याच तालुक्याच्या रुग्णालयातील शीतकपाटात सर्पविषावरील औषधाच्या ज्या कुप्या ठेवलेल्या असतात, त्यांच्याशी महाराष्ट्रात दीर्घकाळ निगडित राहिलेले एक नाव त्याच्या जिभेवर आधीच असते. सर्पदंशावर ‘हाफकिनची लस’ टोचली असे म्हणणारे वडीलधारे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण हाफकिन ही एक व्यक्ती होती आणि तिचे आयुष्य कोणत्याही कादंबरीइतके चढउतारांचे होते, हे त्यांतील थोड्यांनाच माहीत असते.

म्हणून या प्रकरणात शास्त्रज्ञाच्या चरित्रासाठी लागणारी इंग्रजी शब्दसंपदा आपण वाल्डेमार हाफकिन यांच्याच आयुष्याच्या आधाराने पाहणार आहोत. आरंभीच एक मत स्पष्टपणे मांडतो. आपल्याकडे हा विषय विशेषणांच्या मार्गाने शिकवला जातो; ‘ग्रेट’, ‘फेमस’, ‘जीनियस’, ‘हार्डवर्किंग’ ही चार विशेषणे पाठ झाली की विद्यार्थ्याला वाटते, आता कोणत्याही शास्त्रज्ञाविषयी बोलता येईल. आणि खरोखरच येते, कारण ही विशेषणे कोणालाही लागू पडतात. म्हणूनच ती कोणाविषयीही काही सांगत नाहीत. शास्त्रज्ञाचे आयुष्य सांगतात ती क्रियापदे: त्याने काय पाहिले, कशाचा संशय घेतला, काय करून पाहिले, कोणत्या गोष्टीचा पुरावा दिला, आणि इतरांनी त्याचे काय केले. इंग्रजी भाषेत या क्रियापदांच्या पायऱ्या अत्यंत बारकाईने घडवलेल्या आहेत, आणि त्या ओळखल्यावाचून विज्ञानाविषयी प्रामाणिकपणे बोलताच येत नाही.

बालपण आणि शिक्षण यांच्यासाठी लागणारे शब्द सोपे आहेत, तेव्हा तेथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे, त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, एका यहुदी कुटुंबात झाला. इंग्रजीत ‘वॉज बॉर्न’ हे रूप नेहमी भूतकाळी कर्मणीच राहते, ‘ही बॉर्न’ असे म्हणणे ही आपल्या मुलांची सार्वत्रिक चूक. विद्यापीठात ते इल्या मेच्निकोव्ह यांच्या हाताखाली शिकले, आणि ‘स्टडीड अंडर’ या प्रयोगाने इंग्रजी तो गुरुशिष्यसंबंध व्यक्त करते. धर्मांतर करून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद झाला. येथे ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘वॉज डिनाइड’ ही दोन क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे एका वाक्यात माणसाने काय केले आणि दुसऱ्यात त्याच्यावर काय लादले गेले, हा भेद उमटतो. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, जेथे मेच्निकोव्ह आधीच पोहोचले होते, त्यांना ग्रंथपालाची जागा मिळाली. ज्याच्या नावाने पुढे एक संस्था उभी राहावयाची होती, त्याने प्रयोगशाळेच्या दुनियेत प्रवेश केला तो पुस्तकांच्या कपाटाजवळून, ही गोष्ट मला नेहमीच हृद्य वाटत आली आहे.

आता खरा प्रश्न येतो. हाफकिन यांनी नेमके काय केले? आपल्या मराठीत ‘शोध लावला’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, बेलने दूरध्वनीचा शोध लावला, आणि हाफकिनने लसीचा शोध लावला. इंग्रजीत मात्र पहिल्यास ‘डिस्कव्हर’, दुसऱ्यास ‘इन्व्हेंट’ आणि तिसऱ्यास ‘डेव्हलप’ हे क्रियापद शोभते. जे आधीपासून होते पण झाकलेले होते ते ‘डिस्कव्हर’ होते; जे नव्हतेच ते ‘इन्व्हेंट’ होते; आणि जे इतरांनी पेरलेल्या कल्पनेतून अनेक खटपटींनी वापरण्याजोगे केले जाते ते ‘डेव्हलप’ होते. ग्रंथिक सन्निपाताच्या, म्हणजे आपल्या लोकांना प्लेग या नावाने परिचित असलेल्या रोगाच्या इतिहासात हे तारतम्य फार सुंदर रीतीने दिसते. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू ओळखला. तेथे ‘आयडेंटिफाइड’ किंवा ‘डिस्कव्हर्ड’ म्हणावे. १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ यांनी हा जंतू उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखवले. तेथे ‘डेमन्स्ट्रेटेड’ हा शब्द अचूक. आणि या दोहोंच्या मध्ये, १८९७ च्या आरंभी, हाफकिन यांनी मुंबईत त्या जंतूविरुद्धची लस तयार केली. ती त्यांनी ‘डेव्हलप’ केली. तीन माणसे, तीन क्रियापदे. तिघांनाही ‘शोध लावला’ म्हणून एका ओळीत बसवले तर तिघांवरही अन्याय होतो.

लसीच्या निर्मितीची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये हाफकिन यांनी पटकीची लस तयार करून १८ जुलै रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि तेथील वस्त्यांतून ती लस टोचत फिरले. पटकीच्या त्या लसीत जंतू जिवंत पण दुर्बळ केलेले होते; असे जंतू म्हणजे ‘अटेन्युएटेड’. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि सरकारच्या पाचारणावरून हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि मोजके मदतनीस एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे काम केले, त्यात एक पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातला होता: पोषक रश्श्याच्या पृष्ठभागावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून लोंबत्या झुंबरांसारखे वाढतात, हे त्यांनी हेरले. मग ते जंतू उष्णता देऊन मारावयाचे आणि त्या मृत जंतूंचा रस टोचावयाचा. अशा लसीला ‘किल्ड व्हॅक्सीन’ म्हणतात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम आपल्याच शरीरात टोचून घेतली.

‘व्हॅक्सीन’ हा शब्द गायीच्या लॅटिन नावावरून आलेला आहे, कारण जेन्नरची देवीवरची लस गोस्तनदेवीपासून घेतलेली होती. म्हणजे प्लेगच्या संदर्भात तो शब्द वापरणे हे त्याचा मूळ अर्थ रुंदावूनच शक्य झाले. त्या काळचे इंग्रजी अहवाल बहुधा ‘इनॉक्युलेशन’ म्हणतात. या शब्दाची घडण आपल्या फळबागायतदारांना लगेच पटेल, कारण ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, आणि लॅटिनमध्ये ‘इनॉक्युलेट’ करणे म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत भरणे. गुलाबाचा वा संत्र्याचा डोळा भरताना आपण मराठीत अगदी हाच शब्द उच्चारतो. देवी काढणे, लस टोचणे आणि डोळा भरणे या तिन्ही क्रियांमधले साधर्म्य एका इंग्रजी क्रियापदात सामावलेले आहे.

यानंतर येतात पुराव्याच्या पायऱ्या. लस तयार झाली म्हणजे ती गुणकारी आहे असे सिद्ध झाले, असे नव्हे. १८९७ च्या जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली, बाकीच्यांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांतील आजाऱ्यांची व मृतांची तुलना केली असता टोचलेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली आढळली. न टोचलेल्या गटाला इंग्रजीत ‘कंट्रोल’ म्हणतात आणि हा शब्द ताबा किंवा नियंत्रण या नेहमीच्या अर्थाने घेतला तर सर्व घोटाळा होतो. येथे त्याचा अर्थ पडताळ्यासाठी ठेवलेला गट. स्वेच्छेने पुढे आलेला तो ‘व्हॉलंटियर’. मात्र तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या माणसाची स्वेच्छा कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजच्या वैद्यकनीतीने विचारला पाहिजे आणि ‘कन्सेंट’ हा शब्द त्याच प्रश्नासाठी आहे. निष्कर्ष सांगताना इंग्रजी लेखक ‘सजेस्ट’पासून प्रारंभ करतात, पुरावा वाढला तर ‘इंडिकेट’ म्हणतात, प्रयोगाने दाखवले तर ‘डेमन्स्ट्रेट’, आणि ‘प्रूव्ह’ हे क्रियापद गणितज्ञांसाठी राखून ठेवण्याची त्यांची प्रवृत्ती असते. आपला विद्यार्थी पहिल्याच वाक्यात ‘प्रूव्ह’ म्हणतो. तुरुंगातल्या एका प्रयोगाने लसीचा गुण सूचित झाला. पुढे अनेक गावांतल्या अनुभवाने तो दृढ झाला. ‘सजेस्टेड’ आणि ‘कन्फर्म्ड’ या दोन शब्दांत मधल्या श्रमांचा सारा इतिहास आहे.

लोकांनी ही लस सहजासहजी स्वीकारली नाही. रोग भयंकर नव्हता असे नाही; १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. पण घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ आणि गोऱ्या सोजिरांचा उपद्रव यांनी लोक इतके त्रस्त झाले होते की सरकारी माणसाच्या हातातील सुई ही त्यांना त्याच जुलमाची शाखा वाटे. साथ आली की गाव मोकळे करून माळावर झोपड्या घालून राहावे, हाच खेड्यांतला विश्वासाचा उपाय होता, आणि उंदरांच्या वस्तीपासून दूर नेणारा तो उपाय निरर्थकही नव्हता. तत्कालीन इंग्रजी लिखाणात या वृत्तीसाठी ‘इग्नरन्स’ आणि ‘सुपरस्टिशन’ हे शब्द वारंवार योजलेले दिसतात. मी विद्यार्थ्यांना तेथे ‘डिस्ट्रस्ट’ हा शब्द वापरावयास सांगेन. अविश्वासाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते. आगा खान यांनी जाहीरपणे स्वतःला लस टोचवून घेतली तेव्हा त्यांच्या अनुयायांतील भीती ओसरली, ती याचमुळे. शिराळ्याच्या नागपूजेविषयी इंग्रजीत लिहिण्याचा प्रसंग आला तरी हाच विवेक ठेवावा: ‘बिलीफ’, ‘कस्टम’ आणि ‘सुपरस्टिशन’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि तिसरा शब्द वापरणारा वर्णन करीत नसून निवाडा देत असतो.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले आणि हाफकिन यांच्या उत्कर्षाने परमावधी गाठली. तेथून तीन वर्षांनी जे घडले त्याची शब्दावली मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मुलांसाठी लिहिलेल्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत ती जवळजवळ नसतेच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मृत्यू पावले. ती बाटली दूषित होती, याबद्दल दुमत नव्हते. ‘कंटॅमिनेटेड’ हा त्यासाठीचा शब्द. वाद होता तो दूषित कोठे झाली याचा. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन नेमण्यात आले, आणि बाटली मुलकोवाल येथे उघडण्यापूर्वीच दूषित झाली असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. लस बनवण्याच्या प्रक्रियेत हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळले होते, ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. मागाहून जे निदर्शनास आणण्यात आले ते असे की मुलकोवाल येथे बाटली उघडणाऱ्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले होते. मुंबईहून निघालेल्या बाटलीत तितके दिवस धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर तिला दुर्गंधी यावयास हवी होती, तीही आढळली नव्हती.

येथे इंग्रजीची क्रियापदे न्यायासनासमोरच्या दस्तऐवजाइतकी जपून वापरावी लागतात. ‘अलेज’ म्हणजे आरोप करणे, पण आरोप खरा आहे असे न सुचवता, ‘अक्यूज’मध्ये बोट रोखलेले असते, ‘ब्लेम’मध्ये निवाडाच होऊन गेलेला असतो. ‘ही वॉज ब्लेम्ड’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ठपका कोणी ठेवला हे ते सांगत नाही. इंग्रजीतील कर्मणी प्रयोग सरकारी खलित्यांचा लाडका आहे तो याचसाठी, आणि आपल्या कचेऱ्यांतील ‘असे आढळून आले’ हा प्रयोगही त्याच कुळातला. म्हणून विद्यार्थ्याला मी सांगेन की अशा प्रसंगी कर्ता लिहावा: कमिशनने ठपका ठेवला, सरकारने दूर केले. हाफकिन स्वस्थ बसले नाहीत. मलेरियाच्या संशोधनासाठी १९०२ सालीच नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९०७ च्या जुलैत त्यांनी व इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून आरोप सप्रमाण खोडून काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना दोषमुक्त मानण्यात आले. या कृतीसाठी ‘एक्झोनरेट’ हे भारदस्त क्रियापद आहे, ज्याच्या मुळाशी ‘ओनस’ म्हणजे ओझे हा शब्द असून त्याचा अर्थ ओझे उतरवणे असा होतो. ‘अॅक्विट’ म्हणजे न्यायालयाने खटल्यातून सोडणे. हाफकिन यांच्यावर खटला झालाच नव्हता, म्हणून येथे तो शब्द चुकीचा ठरतो. ‘रिइन्स्टेट’ म्हणजे पूर्वपदावर स्थापणे, आणि तोही शब्द येथे लावता येत नाही. ते कलकत्त्यास परत आले खरे, पण परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही, आणि नव्या लसींचे जे प्रयोग त्यांना करावयाचे होते त्यांना मुभा देण्यात आली नाही. ओझे उतरले, पण अधिकार परत आले नाहीत. या अन्यायाचे परिमार्जन सरकारने कधीच पुरतेपणी केले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ‘नेम्ड आफ्टर’ हा इंग्रजी प्रयोग येथे योग्य. मात्र ‘पोस्थ्युमस’, म्हणजे मरणोत्तर, हे विशेषण त्याला जोडू नये, कारण हाफकिन त्या वेळी हयात होते आणि त्यांचा मृत्यू लोझान येथे २६ ऑक्टोबर १९३० रोजी झाला. त्यांच्या स्मरणार्थ भारताच्या टपालखात्याने १९६४ साली तिकीट काढले, ते मात्र मरणोत्तर होय.

आता शिराळ्याच्या विद्यार्थ्याकडे पुन्हा वळू. सर्पविषावरचा उपाय हाफकिन यांनी शोधला, असे तो म्हणाला तर त्याला थांबवले पाहिजे. तो मान फ्रान्समध्ये १८९४ च्या फेब्रुवारीत एकाच सभेत आपापले निष्कर्ष मांडणाऱ्या दोन पक्षांचा आहे: एका बाजूला अल्बेर काल्मेत, आणि दुसऱ्या बाजूला सेझेर फिझालिक्स व गाब्रिएल बेर्त्राँ. परस्परांवर अवलंबून न राहता काम झाले असेल तर ‘इंडिपेंडंटली’, आणि आधी कोणी केले हा वाद असेल तर ‘प्रायॉरिटी’, हे दोन शब्द अशा वेळी लागतात. घोड्याला विषाच्या अल्प, क्रमशः वाढत्या मात्रा द्यावयाच्या, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होऊ द्यावयाची, आणि त्या रक्ताचा निवळ भाग शुद्ध करून दंश झालेल्या माणसाला द्यावयाचा, ही त्यामागची पद्धत. म्हणून ते औषध ‘व्हॅक्सीन’ नव्हे, ते ‘सीरम’पासून बनलेले ‘अँटिव्हेनम’ होय. काल्मेत यांचा असा समज होता की नागाच्या विषाविरुद्धचा सीरम इतर सापांनाही पुरेल. तो समज टिकला नाही, आणि आज आपल्याकडे वापरात असलेले औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध एकत्रित केलेले असते, ज्याला ‘पॉलिव्हॅलंट’ म्हणतात. हाफकिन यांच्या नावाची संस्था मुंबईत हे औषध बनवू लागली आणि त्यामुळे त्यांचे नाव सर्पदंशाला जोडले गेले. औषध संस्थेचे आहे, शोध इतरांचा. आणखी एक तारतम्य नागाच्या गावी तरी चुकता कामा नये: जे चावून वा डंख मारून शरीरात सोडले जाते ते ‘व्हेनम’, आणि जे खाल्ल्याने वा स्पर्शाने बाधते ते ‘पॉयझन’, म्हणून नाग हा ‘व्हेनमस’ आहे, ‘पॉयझनस’ नव्हे.

वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांना माझी विनंती आहे की वर्गात हाफकिन यांच्यावर इंग्रजी वाक्ये लिहून घेताना एकच अट घालावी: ‘ग्रेट’ हा शब्द एकदाही येऊ नये, आणि प्रत्येक वाक्यात निराळे क्रियापद यावे. मुलकोवालचे वाक्य त्यात अवश्य असावे, आणि त्याचा कर्ता कोण हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे.